निरंक अहवालाचा शिष्टाचार

महिनाभरात एकही प्रकरण दाखल झाले नाही, तरी कचेरीतला जुना कारकून तक्त्यावर ‘निरंक’ असा शेरा मारून, खाली सही करून, तो मुदतीत हुजुरास रवाना करीत असे. आणि साहेबास काय समजावयाचे ते समजत असे. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या विद्वान प्रणालीस मात्र अभावाचे भारी वावडे: नोंद नसली की बेरजेच्या रकान्यात ‘#एरर’! त्यावर तोड म्हणून ‘ऑन नो डेटा’ या प्रसंगी अहवाल रद्द करण्याची तजवीज करावी, तर हुकमाची तामिली होताच ‘२५०१: कृती रद्द झाली’ अशी फिर्याद घेऊन तीच प्रणाली वापरकर्त्यापुढे उभी; आणि तो बापडा, आपलेच काही चुकले असे समजून, पुन्हा बटण दाबतो. वस्तुतः ही फिर्याद परस्पर दप्तरदाखल करून ‘या मुदतीत नोंद नाही’ एवढेच सांगावयाचे असते; पण त्यासाठी अहवाल रचणाऱ्याच्या अंगी कारकुनाइतके तरी सौजन्य हवे.