सर्व्हर डाऊन आहे, उद्या या

इंटरनेट बंद पडलं की आपण पहिल्यांदा काय करतो? ते खरंच बंद पडलंय का, हे इंटरनेटवर बघतो. १८ नोव्हेंबर २०२५ला क्लाउडफ्लेअर या कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि जगभरातल्या असंख्य वेबसाइट्स एकदम मुक्या झाल्या. कुठली सेवा बंद आहे हे सांगणारी डाउनडिटेक्टर नावाची एक वेबसाइट आहे. लोक तिकडे धावले, तर तीही धड उघडेना. कंपनीतल्या मंडळींना आधी वाटलं, कोणीतरी मोठा हल्ला केला. शोधाअंती निघालं काय, तर त्यांची स्वतःचीच एक फाइल नेहमीच्या दुप्पट फुगली होती आणि ती प्रोग्रॅमला पेलवली नाही.

मला अशा बातम्या वाचायचा नाद आहे. राजकारणाच्या बातमीत खलनायक आधी ठरतो आणि गुन्हा नंतर सापडतो. इथे अर्ध्या जगाचा गुन्हा आधी समोर येतो आणि खलनायक शोधायला गेलं की हाती अगदीच किरकोळ काहीतरी लागतं. २०११मध्ये आर्मेनिया हा जवळजवळ अख्खा देश काही तास इंटरनेटविना बसला होता. त्याचं खापर शेजारच्या जॉर्जियातल्या ७५ वर्षांच्या एका आजींवर फुटलं. तांब्याच्या तारा मिळतील म्हणून त्या जमीन उकरत होत्या आणि त्यांच्या फावड्याखाली नेमकी केबल आली, असं पोलिसांचं म्हणणं होतं. देशाच्या सुरक्षेचा विचार करणाऱ्या तज्ज्ञांनी फावड्याचा विचार केला नसावा.

२० ऑक्टोबर २०२५ला नरक चतुर्दशी होती. आपल्याकडे पहाटेचं अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून दुपारच्या वामकुक्षीची वेळ होत आली होती. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या व्हर्जिनियात अ‍ॅमेझॉनच्या संगणकांवर एका महत्त्वाच्या सेवेचा पत्ताच नोंदीतून पुसला गेला. नोंदी सांभाळणारे दोन प्रोग्रॅम एकाच वेळी कामाला लागले आणि एकाच्या कामावर दुसऱ्यानं बोळा फिरवला. आपल्या काही कचेऱ्यांत दोन कारकून एकाच वेळी कामाला लागत नाहीत, त्यामुळे हा धोका तिथे संभवत नाही. पण या गडबडीत अमेरिकेतल्या काही लोकांचे पलंगही बिघडले! गादी किती गरम ठेवायची आणि उशाकडची बाजू किती उचलायची, हे इंटरनेटवरून ठरवणारे महागडे पलंग ते. कोणाची गादी तापली, कोणाचा पलंग अर्धवट उभाच राहिला. नंतर त्या कंपनीनं इंटरनेट नसतानाही पलंग चालेल अशी सोय करून दिली. आमच्या आजोबांच्या बाजेत ही सोय पहिल्या दिवसापासून होती.

हसायला हे ठीक आहे, पण आपला पलंग साधा असला तरी आपला खिसा आता साधा राहिलेला नाही. यूपीआयवरून महिन्याला २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाल्याची नोंद ऑगस्ट २०२५मध्ये झाली. त्याच वर्षी १२ एप्रिलला, शनिवारी, हनुमान जयंतीच्याच दिवशी यूपीआय अडकलं होतं. मारुतीच्या देवळाबाहेर नारळ आणि रुईची माळ घेऊन उभ्या असलेल्या भक्तांच्या फोनवर चक्र फिरत राहिलं म्हणजे काय होत असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. ही सेवा चालवणाऱ्या एनपीसीआयनं दिलेलं कारण मला फार आवडलं. काही बँकांच्या यंत्रणा ‘व्यवहार पूर्ण झाला का?’ असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. मुलाला एसटीत बसवून दिल्यावर दर दहा मिनिटांनी ‘पोचलास का?’ विचारणाऱ्या आईसारखंच हे. फरक इतकाच की आईच्या फोनमुळे एसटी बंद पडत नाही.

अशा वेळी नारळवाला काय म्हणतो? “राहू द्या काका, उद्या द्या. कुठं पळून जाताय?” हीसुद्धा एक देयक प्रणालीच आहे. तिला पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही आणि ती चालायला व्हर्जिनिया जागं असावं लागत नाही. फक्त नारळवाल्याला तुमचा चेहरा ओळखीचा असावा लागतो. नारळही मोबाइलवरून मागवून दहा मिनिटांत घरपोच घेणाऱ्यांची मात्र पंचाईत आहे. त्यांचा चेहरा फक्त त्यांच्या फोनला ओळखीचा आहे.

या सगळ्या बातम्यांचा शेवट बघा. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. त्यातल्या कित्येकांपाशी माणसानं स्वतः जाऊन त्या अपडेटची फाइल हातानं काढून टाकावी लागली. त्या दिवशी भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. वळणदार अक्षराला बऱ्याच वर्षांनी भाव आला असणार. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप सहा तास गायब झालं, तेव्हा कर्मचाऱ्यांची दारं उघडणारी कार्डंही चालेनाशी झाल्याच्या बातम्या होत्या. शेवटी अभियंत्यांना संगणकांपर्यंत प्रत्यक्ष जावं लागलं. व्हर्जिनियातला पुसलेला पत्ताही माणसांनीच मध्ये पडून पूर्ववत केला. माणसाची गरज उरू नये म्हणून उभारलेलं एवढं मोठं यंत्र अडलं की हाक माणसालाच मारतं.

म्हणून मला धास्ती यंत्र बंद पडण्याची वाटत नाही. बंद तर ते पडणारच. ते बंद असताना काम हातानं करायची परवानगी अनेकदा नसते, याची धास्ती वाटते. पूर्वी कचेरीत ‘साहेब जेवायला गेलेत’ असं सांगत. साहेब निदान ढेकर देत परत तरी येत. ‘सर्व्हर डाऊन आहे’ या वाक्यात कोणीच कुठे गेलेलं नसतं, सगळे जागेवर असतात आणि तरी काम होत नाही. स्मार्ट पलंगवाल्याची एक रात्र बिघडली. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं यंत्र सर्व्हरची वाट बघत बसलं, तर रांगेतल्या बाईचा दिवसाचा रोज बुडतो आणि पिशवी रिकामी घेऊन ती घरी जाते. समोर धान्य असतं, दुकानदार तिला नावानं ओळखत असतो, पण त्याच्या ओळखीला आता किंमत नाही. विमानाच्या प्रवाशाला हातानं लिहिलेला पास चालतो, तर तिला हातानं केलेली नोंद का चालू नये?

आपल्यापुरतं करायचं ते सोपं आहे. खिशात थोडे सुटे ठेवा, घरच्यांचे चार नंबर पाठ करा, नारळवाल्याशी दोन शब्द बोला. पण ज्यांच्या हाती या यंत्रणा आहेत, त्यांना एक विनंती आहे. प्रत्येक खिडकीवर संगणकाशेजारी एक वही ठेवा आणि सर्व्हर बंद असेल तेव्हा त्या वहीतली नोंद ग्राह्य धरा. वहीतली नोंद संगणकात दुसऱ्या दिवशीही चढवता येते. बुडालेला रोज दुसऱ्या दिवशी मिळत नाही.