फुकट ते पौष्टिक

कोलोरॅडोच्या डोंगरात आरव्ही एक रात्र उभी करायचं खासगी कॅम्पग्राउंडचं भाडं ऐकून बायकोने विचारलं, "यात उटणं लावून आंघोळ घालतात का?" आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. त्याचं भाडं आम्ही आधीच भरलेलं, वर ते गॅलनला जेमतेम दहा मैल चालणारं. आता त्याने नुसतं उभं राहायचेही पैसे?

सरकारी कॅम्पग्राउंड स्वस्त असतात. बासष्टी गाठलेल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना तर पास काढला की बऱ्याच ठिकाणी निम्म्या पैशांत जागा. आईचं वय त्यात बसत होतं, व्हिसा बसत नव्हता.

उरलं फुकट. फॉरेस्ट सर्व्हिस आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या दोन खात्यांकडे मिळून चाळीस कोटी एकरांहून जास्त जमीन आहे आणि तिच्यावर बऱ्याच ठिकाणी १४ दिवसांपर्यंत मुक्काम ठोकता येतो. बुकिंग नाही, पावती नाही. नळ, संडास, वीज हेही नाही. आरव्हीवाले याला बूनडॉकिंग म्हणतात.

"जमीन कुणाची?" आईने विचारलं.

"सरकारची."

"कुंपण?"

"नाही."

"आणि अजून कुणी प्लॉट पाडले नाहीत? भाबडी आहेत रे माणसं!"

जागा शोधायला फॉरेस्ट सर्व्हिसचा नकाशा फुकट मिळतो. ज्या रस्त्याच्या कडेने बारीक ठिपके, तिथे गाडी आत घालून राहायची मुभा. खड्डे मात्र नकाशात दाखवत नाहीत. लेडव्हिलजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर बायको पुढे पायी, मागे आमची गाडी, अशी वरात निघाली. "डावीकडे घे" आणि "माझ्या डावीकडे नव्हे, तुझ्या" यांतच निम्मा मैल गेला.

अशा ठिकाणी सगळा खेळ टाक्यांचा. एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची आणि तिसरी, जिला काळी टाकी म्हणतात आणि जिच्याबद्दल जेवताना बोलत नाहीत. ती भरली की जंगल सोडून डम्प स्टेशन गाठायचं, आणि तिथे बहुधा पैसे मोजायचे. फुकटाचा हिशेब इथे थोडा बिघडतो.

शेजारच्या झाडीत टेक्सासचे एक निवृत्त गृहस्थ होते. आपण तीन गॅलनमध्ये आंघोळ उरकतो, हे त्यांनी छाती फुगवून सांगितलं. मी आईला लिटरचा हिशेब करून दिला: अकराच्या वर. आई लातूरची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी भरलेली बाई. ती म्हणाली, "एवढ्यात मी आंघोळ करून साडी धुते, आणि उरलेलं तुळशीला घालते." मी भाषांतर केलं. गृहस्थांनी टोपी काढली.

दहा हजार फुटांवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे उघड्या पातेल्यात त्यांचे राजमे दुपारपासून रटरटत होते, शिजत नव्हते. आमच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या तसे ते ताटली घेऊनच आले.

तुम्ही जाणार असाल तर पाणी गावातच भरून घ्या, काळी टाकी रिकामी करूनच वर चढा, शेकोटीवर बंदी आहे का ते रेंजरच्या कचेरीत विचारा आणि अस्वलांसाठी बाहेर काही खायला ठेवू नका. आणि घरात दुष्काळ पाहिलेलं कुणी वडीलधारं असेल, तर त्यांना आधी गाडीत बसवा.