साडेपाच तासांचा माणूस

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स नांदवणाऱ्याचं बूट अडलं, की कोथरूडपासून विमाननगरपर्यंत ज्याला फोन जातो तो हा गृहस्थ. खिशात पेनड्राइव्ह असतो आणि 'साडेचारला येतो' म्हणून तो रात्री दहाला उगवतो. याला शास्त्रीय आधार आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स ग्रीनिचची; आलटून पालटून चालवलं की भारतात बरोबर साडेपाच तासांचा घोळ होतो. दुसऱ्यांच्या संगणकावर तो हा घोळ एका कमांडमध्ये मिटवतो. स्वतःचा मिटवलेला नाही.

यजमानाने लिनक्सचं पार्टिशन 'उगाच जागा अडवतंय' म्हणून उडवलेलं असतं आणि काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच उरलेलं असतं. तो आधी चहा मागतो, मग व्याख्यान सुरू. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्या 512 बाइटांपैकी बूटच्या प्रोग्रामला जेमतेम 446. विंडोज पुन्हा टाकलं की ते तिथली आधीच्या बिऱ्हाडाची पाटी काढून आपली ठोकतं. यूईएफआय आल्यापासून दोघांच्या पाट्या शेजारी शेजारी लागतात, भांडण उरतं ते आधी नाव कोणाचं यावर. पाटी विंडोजने काढली असेल, तर दुरुस्ती जुनीच: पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करायचं, डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरायचं, ग्रब पुन्हा बसवायचं. काम दहा मिनिटांचं. व्याख्यान साडेपाच तासांचं.

2012 साली विंडोज 8 बरोबर आलेल्या फास्ट स्टार्टअपला तो 'झोपेचं सोंग' म्हणतो: विंडोज बंद झाल्यासारखं दाखवतं, पण आपलं पार्टिशन सोडत नाही. 2021 मध्ये ग्रब 2.06 ने दुसऱ्या सिस्टिम शोधणं आपणहून थांबवलं आणि कित्येकांच्या मेनूतून विंडोज नाहीसं झालं. उपाय एका ओळीचा. ऑगस्ट 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटने सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्सला दारातच अडवलं. त्या वर्षी याची दिवाळी श्रावणातच आली.

पैसे तो घेत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री रडकुंडीला आलेल्या पोराला 'बॅकअप घेतला होतास का' हा प्रश्न, दुरुस्ती होईपर्यंत, विचारत नाही. एवढं श्रेय त्याला द्यावंच लागतं.

2016 पासून मात्र विंडोजच्या पोटातच लिनक्स चालू लागलं. अभियांत्रिकीच्या पोरांना आता डिस्कची वाटणी करावी लागत नाही. फोन कमी झालेत. हल्ली साडेचारला बोलावलं, तर तो सव्वाचारला दारात उभा असतो.