अठरा-पंचावन्नचे नाना

नाशिकरोडला, जेलरोडच्या आमच्या सोसायटीत कुणाला कॅमेरा घ्यायचा असला की त्याला आधी नानांकडे पाठवतात. स्थळ बघायला गेल्यासारखं जावं लागतं. चहा होतो, पोहे होतात, आणि मग नाना विचारतात, "बजेट किती?"

समोरच्याने आकडा सांगितला की नाना डोळे मिटतात. "निम्म्याहून कमी पैशांत बॉडी घे. जुनी घे, सेकंडहॅण्ड घे, शटर काउंट बघून घे. उरलेले सगळे लेन्सला घाल. बॉडी म्हणजे भाडेकरू रे. अकरा महिन्यांचा करार. लेन्स म्हणजे घर."

हा सल्ला सोळा आणे खरा आहे. तो ऐकून वागलेला माणूस पस्तावलेला मी पाहिलेला नाही. आणि तो अजिबात न ऐकलेला माणूसही मी एकच पाहिला आहे. तो म्हणजे नाना.

२०१० मध्ये त्यांनी साडेपाचशे डी घेतला. २०१३ मध्ये सातशे डी. २०१५ ला सिंहस्थ आला, आणि साधूंचे फोटो जुन्या बॉडीवर काढणं बरं दिसत नाही म्हणून साडेसातशे. २०१७ ला सत्त्याहत्तर डी. आणि २०२३ ला, 'आता हा शेवटचा' असं काकूंना देवासमोर सांगून, मिररलेस आर-पन्नास. काकूंनी एकदा या सगळ्या खोक्यांवरचे आकडे वाचून काढले होते. पहिले दोन अठरा मेगापिक्सेलचे. पुढचे तिन्ही चोवीस पॉइंट दोनचे.

"म्हणजे आठ वर्षांत वाढलं काय?" काकूंनी विचारलं.

"ऑटोफोकस," नाना म्हणाले. "हा पक्ष्याचा डोळा ओळखतो."

"तुमच्या फोटोत पक्षी तरी ओळखू येतो का?"

काकूंचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होतं. कारण नानांनी पाच बॉड्या घेतल्या, पण लेन्स म्हणून वेगळी एकही घेतली नाही. प्रत्येक बॉडीबरोबर खोक्यात जी येते ती किट लेन्स, अठरा-पंचावन्न, तेवढीच. जुनी बॉडी विकली जाते, पण किट लेन्स कुणी घेत नाही. गिऱ्हाईक फोनवरच सांगतं, नुसती बॉडी असेल तर बोला, ती माझ्याकडेही पडलीय. त्यामुळे नानांच्या घरी अठरा-पंचावन्न साठत गेल्या. चारातली एक त्यांनी साडेसातशेच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत जवळजवळ बळजबरीने कोंबली. उरलेल्या तीन स्वयंपाकघरातल्या रव्याच्या स्टीलच्या डब्यात आहेत. मिररलेसबरोबर आली ती तर अठरा-पंचेचाळीस निघाली. तेरा वर्षांत नानांचा पल्ला दहा मिलिमीटरने कमी झाला.

डबा मात्र बघण्यासारखा आहे. नाशिकच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून त्यात नाना सिलिका जेल ठेवतात. निळे दाणे ओल धरून गुलाबी झाले की एका बाद तव्यावर परतून पुन्हा निळे करतात. त्या तव्यावर काकूंनी खिळ्याने 'नाना' असं कोरलंय, चुकून त्यावर कुणी पोळी टाकू नये म्हणून. ज्या लेन्स कुणी फुकट घेत नाही, त्यांची इतकी बडदास्त दुसऱ्या कुठल्या घरात ठेवली जात नसेल.

नाना प्रेसचे. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की पुढे विचारावं लागत नाही. १९२८ पासून इथे नोटा छापल्या जातात. नानांनी नोकरीभर भिंगातून रेघा तपासल्या. रेघ तुटली का, शाई पसरली का, हे त्यांना अजून हातभरावरून दिसतं. हजारो कोटी रुपये डोळ्यांखालून गेले आणि त्यातला एकही आपला नव्हता. अशा माणसाला मोठ्या आकड्याची भीती वाटत नाही. वाटते ती छोट्या आकड्याची. पाऊण लाखाची बॉडी ते सहज घेऊन येतात. दहा हजारांच्या आत-बाहेर मिळणारी पन्नासची प्राइम लेन्स म्हटली की, "थांब, जरा विचार करू."

शिकवायला बसले की मात्र ऐकत राहावं. एका संध्याकाळी त्यांनी मला अॅपर्चर समजावून सांगितलं. "गंगापूर धरणाचं दार बघितलंयस ना? लेन्सचं तेच. आकडा उलटा चालतो, तिकडे लक्ष देऊ नकोस. ५.६ म्हणजे फट. १.८ म्हणजे सताड उघडं. किट लेन्स पंचावन्नला नेलीस की ५.६ च्या पुढे दार उघडतच नाही. पन्नासची प्राइम १.८ ला उघडते. भागाकार कर, त्याचा वर्ग कर. जवळजवळ दहापट उजेड. दार उघडलं की खाली नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागतं की नाही? तसं. आता दार बंद, पाणी कमी, तर बॉडी काय करते? मोटर लावते. आयएसओ वाढवते. मोटरने ओढलं की पाणी येतं, पण गाळ घेऊन येतं. रात्रीच्या फोटोत दाणे दिसतात ना, तो गाळ. आणि लोक काय करतात? मोटर बदलतात! अरे, दार उघडा!"

इतकं स्वच्छ मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. हे बोलताना त्यांच्या मांडीवर नवी मोटर होती आणि ते तिच्या पडद्यावरचं प्लास्टिक नखाने सोलत होते.

दर वेळी निघतात ते लेन्स घ्यायलाच. पैसे वेगळे काढतात, पाकिटावर 'लेन्स' असं लिहितात, आणि पाकीट घेऊन दुकानात जातात. मी दोनदा सोबत होतो. दुकानदार प्राइम काढून काउंटरवर ठेवतो. एवढीशी, मुठीत मावणारी, वजनाला एका कांद्याएवढी. नाना ती फिरवून बघतात. तिच्यावर एक बटण, एक कडी, आणि पुढे काच. मग त्यांची नजर शेजारच्या कपाटात जाते. दुकानदार धंदा करून म्हातारा झालेला. तो म्हणतो, "काका, एक्स्चेंज चालू आहे." झालं. पाकिटावरचं 'लेन्स' तसंच राहतं, आतले पैसे कमी पडतात, आणि उरलेल्याचे हप्ते होतात.

यामागचं कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. मग एकदा लक्षात आलं. बॉडी घेतली की तिच्याबरोबर मेनू मिळतो. तो महिनाभर वाचता येतो. बटणांना कामं नेमून देता येतात, तारीख मराठीत दिसेल का ते शोधता येतं, मागच्या मॉडेलपेक्षा फोकसचे ठिपके किती वाढले ते गॅलरीत बसून शेजाऱ्याला सांगता येतं. लेन्सला मेनूच नाही. लेन्स घेतली की उठून फोटोच काढावा लागतो.

लेन्सच्या नावाने नानांनी आजवर एकच खर्च केला. १९८७ पासून चालत आलेलं माउंट कंपनीने २०१८ मध्ये मिररलेससाठी बदललं, त्यामुळे डब्यातल्या तिघी नव्या बॉडीला बसेनात. म्हणून नानांनी अॅडाप्टरची कडी विकत घेतली. आता ते अठरा-पंचेचाळीस काढून तिथे अठरा-पंचावन्न लावू शकतात.

काकूंशी वाद झाला की नाना दादासाहेब फाळक्यांना मध्ये घालतात. त्र्यंबकचा माणूस, देह ठेवला तोही नाशकात, १९४४ ला. पांडवलेण्याच्या पायथ्याशी स्मारक आहे. तेव्हा नाशिककराला हा आधार घ्यायचा हक्कच आहे. "फाळक्यांनी १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणला," नाना सुनावतात. "त्यांच्या घरी कुणी विचारलं का, वाढलं काय म्हणून?"

काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एकदा गहाण टाकली. दर दोन-तीन वर्षांनी नाही. आणि कॅमेरा आल्यावर कुंडीत वाटाणा लावला, तो उगवताना रोज थोडा थोडा टिपला, आणि ती फिल्म दाखवून पैसे उभे केले. पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर. त्यांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, दागिने दिले, सगळ्यांना रांधून घातलं, अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली. मीही पाडते. तुमचा हरिश्चंद्र कुठाय?"

नाना त्या दिवशी गच्चीवर जाऊन चंद्राचा फोटो काढून आले. चंद्र तिळाएवढा आला.

गेल्या थंडीत आम्ही नांदूरमध्यमेश्वरला गेलो. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येत होता ते दिवस. पहाटे पाचला निघून चांदोरी, सायखेडा करत चापडगावला पोचलो. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथला हा इंग्रजांच्या काळातला बंधारा. त्यात वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं झाली, आणि पाखरांचं फावलं. २०२० मध्ये रामसरच्या यादीत महाराष्ट्रातून पहिलं नाव लागलं ते याच पाणथळीचं. "बघ, इथे गाळच कामाचा," नाना म्हणाले. विनोद बरा होता, पण दात वाजत असल्यामुळे दोनदा सांगावा लागला.

मनोऱ्यावर चढलो. समोर चक्रवाक, चमचे, कडेच्या गवतात जांभळ्या पाणकोंबड्या. नानांनी आर-पन्नास काढला, अठरा-पंचेचाळीस ताणता येईल तेवढी ताणली आणि डोळा लावला. कॅमेऱ्याने इमानेइतबारे पक्ष्याचा डोळा शोधायला घेतला. त्याला पाणी सापडलं, गवत सापडलं, लांबचा एक ट्रॅक्टर सापडला. पाणकोंबडी म्हणजे शाईचा एक जांभळा ठिपका होता. प्रेसमध्ये असता तर नानांनी तो कागद बाद केला असता.

"चोवीस मेगापिक्सेल आहेत, क्रॉप करू," ते म्हणाले.

शेजारी एक पोरगा होता. पंचविशीचा, कानटोपी, सायखेड्याकडचा, घरची द्राक्षबाग. त्याने कठड्यावर कापडाची पिशवी ठेवली होती, आत मका भरलेला, आणि त्यावर दीडशे-सहाशेची लांबलचक लेन्स निवांत टेकवली होती. दोन किलोच्या आसपासचं ते धूड. त्याच्या मागे चिकटलेली बॉडी मात्र केविलवाणी होती. मुठीचं रबर सुटलेलं, त्यावर काळी चिकटपट्टी.

नानांच्यातला शिक्षक जागा झाला. "लेन्स झकास आहे हो. कितीला पडली?"

"सेकंडहॅण्ड घेतली काका. दोन हंगाम पैसे साठवले. मोबाइलचा टॉर्च मारून आरपार बघितली, बुरशीची जाळी नव्हती, घेऊन टाकली."

"शाब्बास. पण बॉडी बदला आता. फार जुनी झाली."

"एका काकांनीच सांगितलं होतं, बॉडी जुनीच घे अन् लेन्सला पैसे घाल. मी केटीएचएम कॉलेजला होतो तेव्हा. नाशिकरोडला बिटकोपाशी भेटले होते. ही त्यांचीच बॉडी."

नाना थांबले. मग वाकून त्यांनी कॅमेऱ्याच्या डोक्यावर, फ्लॅश बसवायच्या खाचेत, नखाने चाचपून पाहिलं. तिथे कुंकू होतं. दर खंडेनवमीला नाना कॅमेऱ्याची पूजा करतात, आणि कुंकू लावताना त्यांचा हात सढळ आहे.

"ते निघत नाही," पोरगा म्हणाला. "आई म्हणाली, कुणीतरी पुजलेली वस्तू आहे, राहू दे."

त्याने नानांना ओळखलं नव्हतं. मधल्या काळात नानांचे केस गेले होते आणि आता तर मफलर होता. नानांनीही ओळख दिली नाही. फक्त म्हणाले, "दाखवा बघू काय काढलंत." पोराने पडद्यावर खंड्या दाखवला. चोचीत मासा, माशाच्या शेपटीवरून सुटलेला थेंब, थेंबात आभाळाचा पांढरा तुकडा. नानांनी खिशातून भिंग काढलं. ते अजून बाळगतात. पडद्याला भिंग लावून त्यांनी खंड्याच्या पंखावरची एकेक रेघ तपासली. कुठेही तुटलेली नव्हती.

परत येताना मिसळीला थांबलो तेव्हा नाना गप्प होते. लिंबू पिळून झालं, तर्री ओतून झाली. मला वाटलं, आता माणूस ठरवणार. निदान पन्नासची प्राइम तरी येणार. पोराचा नंबर त्यांनी निघताना घेतला होता, तेव्हा दीडशे-सहाशेच्या किमतीची चौकशीही करतील.

आठ दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं. चेहऱ्यावर नवीन मॉडेल जाहीर झाल्यासारखा आनंद.

"माझं चुकत होतं," ते म्हणाले. "ती साडेसातशे विकायलाच नको होती. हाताला यश असलेली बॉडी होती ती. खंड्या बघितलास ना? त्याला फोन केला. म्हटलं, लेन्स तुझी तुला लखलाभ, नुसती बॉडी परत दे. येत्या सिंहस्थाला, २०२७ ला, तीच गळ्यात घालणार."

"मग तो काय म्हणाला?"

"हो म्हणाला. तो तसाही नवी बॉडी बघतोय. मीच सांगितलं होतं ना, बदल म्हणून."

पोरगा रविवारी स्वतः आला. द्राक्षांची पेटी घेऊन आला, बॉडीचे पैसे वाजवी घेतले, आणि चहा पिऊन उठताना पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून टीपॉयवर ठेवलं. "काका, तेव्हा तुम्ही ही फुकट दिली होती. एकदासुद्धा लावली नाही. पडूनच होती, म्हटलं तुमची तुम्हाला द्यावी."

काकूंनी कागद उलगडून पाहिला. नानांना काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "जरा स्टूल घे, आणि माळ्यावरचा मोठा डबा खाली काढ."