भिंत पडली, हाडं बोलली, पाहा व्हिडिओ

आमच्या गल्लीतला एक पोरगा ऑनलाइन पत्रकारिता शिकायला सोलापूरच्या विद्यापीठात निघालाय, हे दामाजी चौकात समजलं तेव्हा टपरीवरची मंडळी हळहळली. पोरगा तसा हुशार होता. शिकायची वेळ का यावी बिचाऱ्यावर?

हळहळ रास्त होती. मंगळवेढ्यात पत्रकार व्हायला लागतं काय? एक मोबाइल, एक बूम, बूमवर चॅनलच्या नावाचा ठोकळा आणि गाडीवर 'प्रेस' लिहायला लाल रेडियम. पदव्युत्तर पदवीला दोन वर्षं लागतात, ठोकळ्याला दोन तास. वेळ जातो तो नाव ठरवण्यात, कारण 'न्यूज', 'महाराष्ट्र', 'लाइव्ह' आणि '२४' उलटसुलट लावून होणारी सगळी नावं आधीच गेलेली आहेत.

पुढचा टप्पा मात्र खडतर. यूट्यूबच्या जाहिरातींतून पैसे यायचे तर हजार सबस्क्रायबर हवेत आणि वर्षभरात चार हजार तास कोणीतरी आपल्याला पाहिलेलं हवं. हजार माणसं सोयऱ्याधायऱ्यांत निघतात. तासांसाठी आजी कामाला येते. तिचा मोबाइल रात्री ज्वारीच्या पोत्याला टेकवून ठेवायचा, आवाज बंद, बातमीपत्र चालू. मग एखाद्या इच्छुक नगराध्यक्षाचा सत्कार पहाटेपर्यंत पोत्याच्या साक्षीनं होत राहतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते दाण्यासाठी. प्रेक्षक म्हणून तिची नोंद अजून व्हायचीय.

पोरगा पहिल्या सुट्टीला आला तो पार बदलून. बातमी दोन ठिकाणी पडताळावी म्हणतो. आरोप ज्याच्यावर आहे त्याचंही म्हणणं घ्यावं म्हणतो. मथळ्यात जे सांगितलं ते खाली मजकुरात सापडावं, चूक झाली तर दुरुस्ती लपवू नये म्हणतो. चौकातल्या मुख्य संपादकांनी शांतपणे ऐकून घेतलं. (आमच्याकडे प्रत्येक चॅनलला मुख्य संपादक असतो. बाकी कोणी नसतं.)

"दोनच ठिकाणी? मी तीन ठिकाणी पडताळतो. तीन ग्रुपवर आली की लावतो."

"आणि दुसरी बाजू, काका?"

"घेतो की. पहिल्या बाजूनं जाहिरात दिली नाही की लगेच घेतो."

पोरगा कायद्यावर आला. वर्तमानपत्रांसाठीचा १८६७ चा कायदा जाऊन २०२३ चा आला, १ मार्च २०२४ पासून तो लागूही झाला. पण त्यातली नोंदणी छापील नियतकालिकांची. ऑनलाइनवाल्यांसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत : तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि पंधरा दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा. संपादक म्हणाले, "आपल्याकडं तक्रारदार पंधरा मिनिटांत दारात येतो. निकाल तोच लावून जातो."

याच नियमांतली नीतिसंहिता पाळायची सक्ती अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर गदा आणते म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये त्या नियमाला स्थगिती दिली, हेही पोरानं सांगितलं. न्यायालयानं थांबवली ती सरकारची सक्ती. चौकानं मात्र नीतीलाच स्थगिती मिळाली असं धरून एक कटिंग जास्तीचा मागवला.

६ जानेवारीला पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला विशीतल्या बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं आणि १८४० साली ते बंद पडलं. का बंद पडलं, हे चौकात कुणालाही विचारा : वाढदिवसाच्या जाहिराती घेतल्या नाहीत! ही तारीख आमच्याकडं नेमकी हुरड्यात येते. त्यामुळं पुढाऱ्याच्या रानात सत्कार, शाल, डायरी आणि आगटीतली गरम कणसं, सोबत शेंगाचटणी. लोकशाहीचा चौथा स्तंभ मांडी घालून तळहातावर हुरडा चोळतो आणि दुसऱ्या दिवशी 'भावी आमदार' तालुकाभर फिरतात. दक्षिणेकडच्या गावांच्या पाण्याची बातमी त्या दिवशी लागत नाही. ती निवडणुकीला लागते. तहानेला जाहिरातदार कुठून आणायचा?

मग पोराला प्रात्यक्षिक आलं : आपल्या गावची एक बातमी ऑनलाइनसाठी लिहा. त्यानं निवडली ती १३३८ सालची म्हणून सांगितली जाणारी. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली, मजूर गाडले गेले, त्यांत चोखामेळा होते. पुढची कथा वारकऱ्यांना पाठ आहे. नामदेव महाराज आले, एकेक हाड कानाला लावून पाहिलं, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ते वेचलं आणि पंढरपुरी महाद्वारापाशी समाधी बांधली. त्या साऱ्या प्रकरणात जागेवर येऊन पडताळणी केली ती एवढीच.

संपादकांनी ही बातमी उभ्या उभ्या करून दाखवली. मथळा : 'भिंत पडली, हाडं बोलली, पाहा व्हिडिओ'. खाली लाल गोल, त्यात बाण. प्रतिनिधी नामदेवांच्या तोंडापुढं बूम धरून विचारतोय, "महाराज, आत्ता नेमक्या काय भावना आहेत?" मध्ये पट्टी : सौजन्य, इच्छुक नगराध्यक्ष मित्रमंडळ.

पोराचा मथळा साधा होता : 'गावकुसाची भिंत कोसळली, चोखोबांसह मजुरांचा मृत्यू'. काम कोणी काढलं होतं, देखरेख कोणाची होती, भिंतीला आधी तडे गेले होते का, मजुरांना दाम मिळत होतं की वेठीला धरून आणलं होतं, हे त्यानं एकापाठोपाठ एक विचारलं होतं. ज्यांना गावाच्या आत राहायची मुभा नाही त्यांच्याकडूनच गावकूस का बांधून घेतलं, हा प्रश्न वेगळ्या परिच्छेदात. शेवटी एक ओळ : चोखोबांसोबत गेलेल्या मजुरांची नावं मिळू शकली नाहीत, ती कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

चौकात मोबाइल हातोहात फिरला. संपादकांनी चष्मा पुसून बातमी पुन्हा वाचली आणि जाणकाराचा अभिप्राय दिला.

"भाषा बरीय. पण चमत्कार पार खाली गेलाय, कोण पाहील? आणि ते काम कोणी काढलं होतं, हे आधी काढून टाक. सातशे वर्षं होत आली म्हणून काय झालं? त्याचे वारस आपले जाहिरातदार निघायचे."