एकास सत्त्याऐंशी

जगातील यच्चयावत वस्तूंना एखाद्या ठराविक आकड्याने भागल्यावाचून ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, असे एक तरी गृहस्थ प्रत्येक वाचकाच्या परिचयात असतीलच. विमानांचे भक्त बहात्तरने भागतात. आमच्या वाट्याला सत्त्याऐंशीने भागणारे आप्पासाहेब आले आहेत. गोदीतील कारकुनीतून सेवानिवृत्त झालेले हे गृहस्थ, आमच्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, पूर्वी जेथे पाहुण्यांसाठी दिवाण होता त्या जागी मांडलेल्या आठ फूट लांब आणि चार फूट रुंद अशा प्लायवूडच्या फळीवर, मुंबई बंदरातील बॅलार्ड पिअरचा धक्का, त्यावरील शेडी, याऱ्या, दोर बांधण्याचे खुंट आणि धक्क्यावरून धावणारी आगगाडी यांसह, हुबेहूब उभारीत आहेत.

साडेतीन मिलिमीटर म्हणजे एक फूट, हा त्यांच्या राज्याचा मूळ कायदा. काटेकोर हिशेब केल्यास भाजक सत्त्याऐंशी पूर्णांक नऊ शतांश येतो. परंतु घरगुती व्यवहारात सौजन्यापोटी ते नऊ शतांश माफ करतात. गणपतीच्या वर्गणीसाठी मी त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी वर्गणीचा विषय तत्काळ तहकूब केला आणि माझी उंची विचारली.

"साडेपाच फूट," मी म्हणालो.

"म्हणजे सव्वाएकोणीस मिलिमीटर!" त्यांच्या मुद्रेवर असा काही आनंद पसरला की माझ्या उंचीने आजवर तो कुणालाच दिला नव्हता. "अहो, तुम्ही म्हणजे साक्षात ब्रॉडगेज! रुळांवर आडवे झालात तर डोके एका रुळाला आणि टाच दुसऱ्या रुळाला बरोबर टेकेल."

या योगायोगाचे अप्रूप वाटण्याचे कारण मला नंतर उमगले. या प्रमाणाचे तयार रूळ बाजारात मिळतात ते साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे चार फूट साडेआठ इंचांच्या विलायती मार्गाचे असतात; आमची हिंदुस्थानी ब्रॉडगेज साडेपाच फुटांची. पावणेतीन मिलिमीटरांचा हा अन्याय जगभरचे हौशी लोक मुकाट्याने सोसतात, परंतु आप्पासाहेबांनी तो अमान्य करून प्रत्येक स्लीपर स्वहस्ते कापला, त्यावर रूळ स्वहस्ते ठोकले, आणि प्रत्येक डब्याची चाके उपटून ती नव्या, रुंद आसांवर बसविली. पुण्यास कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वेचे जे प्रख्यात संग्रहालय आहे, ते पाहून परतल्यावर त्यांनी त्याची मनापासून वाखाणणी केली; मात्र पुण्यास मुळात समुद्रच नसल्यामुळे तुलनेचा प्रश्न उद्भवत नाही, अशी पुस्तीही तिला जोडली.

या राज्याचा करभार सर्वस्वी वहिनींच्या स्वयंपाकघरावर पडतो. पत्र्याच्या शेडीचे छप्पर पन्हळी हवे, म्हणून अॅल्युमिनियमचा पातळ कागद त्यांच्या बारीक दातांच्या फणीवर दाबला जातो. बांबूच्या काड्या धक्क्याखालच्या खांबांसारख्या करड्या आणि झिजलेल्या दिसाव्यात, म्हणून भांडी घासण्याची तारेची घासणी व्हिनेगरच्या बाटलीत बुडवून ठेवली जाते आणि काही दिवसांनी ते द्रावण काड्यांना पाजले जाते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खांबांवर जे पांढरट कवचांचे थर चढतात, त्यांसाठी रांगोळी जप्त झाली. वहिनींनी एकदा माझ्यापाशी कैफियत मांडली ती मोठी मार्मिक होती: "भावोजी, हे वस्तूंना सत्त्याऐंशीने भागतात, मी यांच्या शब्दाला सत्त्याऐंशीने गुणते. आठवड्यात हॉल मोकळा करतो म्हणाले, की मी एक वर्ष आठ महिने धरून चालते."

आणि तरीही मुख्य जिन्नस अद्याप आलेलाच नाही. देखाव्याची कल्पना अशी, की हिवाळ्यातील डाकेचा दिवस आहे. १ सप्टेंबर १९२८ पासून सुरू झालेली फ्रंटियर मेल पेशावरास निघण्यासाठी धक्क्यालगतच्या मोल स्टेशनात सज्ज आहे. हमाल, कारकून, फेटेवाले पट्टेवाले आपापल्या जागी रुजू आहेत. आणि विलायतेची डाक व साहेबलोक घेऊन पी. अँड ओ. कंपनीची ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ ही आगबोट धक्क्याला लागत आहे. ही बोट ६१२ फूट लांब होती. सत्त्याऐंशीने भागूनही ती सात फुटांहून किंचित अधिक भरते, म्हणजे आठ फुटांच्या फळीवर बोट ठेवली तर बंदर उरत नाही आणि बंदर ठेवले तर बोट मावत नाही. अर्धीच बोट दाखवावी, अशी सूचना मी केली. ती त्यांनी एखाद्या अफरातफरीच्या प्रस्तावासारखी ऐकून घेतली. तेव्हापासून "बोट कुठे आहे?" या प्रत्येक पाहुण्याच्या पृच्छेस त्यांचे एकच अधिकृत उत्तर असते: "उशिरा आहे." सदर बोट नोव्हेंबर १९४२ मध्ये ओरानजवळ जर्मन पाणबुडीने बुडविली, हे मी एकदा त्यांच्या निदर्शनास आणले. "ठाऊक आहे," ते शांतपणे म्हणाले, "पण आमच्याकडे अजून १९३१ चालू आहे."

ज्याने त्यांच्या भागाकारास कधी दाद दिली नाही, असा पदार्थ एकच, आणि तो म्हणजे पाणी. खरे पाणी नमुन्यात ओतले की ते खोटे दिसते, कारण थेंब लहान होण्यास नकार देतो आणि लाट तर उठतच नाही. आगबोटीशेजारी डबके साचल्याचा भास तेवढा होतो. म्हणून समुद्र रेझिनचा ओतावा लागतो, तोही पातळ थरांनी, कारण जाड थर सुकताना तापतो आणि तडकतो. शिवाय प्रत्येक थर सुकेपर्यंत खिडक्या बंद, पंखा बंद आणि घरातील मंडळींनी धूळ न उडविता चालावे, असे फर्मान असते. समुद्र निळा नाही याबद्दल सर्व अभ्यागत तक्रार करतात. "निळा समुद्र कॅलेंडरात," आप्पासाहेब म्हणतात, "चाळीस वर्षे मी ज्याच्या काठी खर्डेघाशी केली तो गढूळ होता." त्या गढूळपणाचा अचूक रंग साधण्यासाठी त्यांनी जितकी भांडी खराब केली, तितकी वहिनींच्या माहेरच्या मंडळींनी दिलीही नसतील.

या गृहस्थाचा मला मनस्वी कंटाळा येतो, हे आतापर्यंत ध्यानात आलेच असेल. तथापि परवा एक गोष्ट लक्षात आली आणि ती नोंदविणे न्यायास धरून होईल. गोदीतील प्रत्येक खिळ्याची खातरजमा करणाऱ्या या माणसाने आपल्या बंदरास कुंपणाची भिंत बांधलेलीच नाही. दरवाजा नाही, पहारेकरी नाही. ससून गोदीपासून वडाळ्यापर्यंत, काही मोजकी ठिकाणे वगळता, मुंबईचा पूर्वकिनारा भिंतीआड आहे; बंदराच्या ताब्यात सुमारे १,८०० एकर जमीन आहे, आणि या शहरात जन्मून, नोकरी करून, पेन्शनीत निघालेल्या लक्षावधी लोकांनी आपले बंदर डोळ्यांनी पाहिलेले नाही. स्वतः आप्पासाहेबांनाही निवृत्तीच्या दिवशी पास परत करावा लागला, आणि नियमाप्रमाणे त्यानंतर ते आत गेलेले नाहीत. दरम्यान प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या, जेथे एके काळी जहाजे उभी राहत, कंटेनर ठेवण्यासाठी बुजविण्यात आल्या.

"भिंत प्रमाणात नाही," मी त्यांस कोंडीत पकडल्याच्या समाधानाने म्हणालो.

"भिंतीला सत्त्याऐंशीने भागून पाहिले," आप्पासाहेब चिमट्यात धरलेल्या हमालास धक्क्यावर उभा करीत उत्तरले. "तरी ती शिल्लक राहते. म्हणून शून्याने गुणली."

त्या क्षणी फळीभोवती इमारतीतील पाच-सहा पोरे उभी होती, आणि त्यांतील एक जण आगगाडी बोटीपर्यंत का जाते हे दुसऱ्यास अगदी गोदी कारकुनाच्या रुबाबात समजावून देत होता. या पोरांसाठी आप्पासाहेबांनी मुद्दाम एक बाक करून ठेवला आहे, त्यावर ती चढतात, खांब मोडतात, समुद्रावर बोटांचे ठसे उमटवितात. हा तापट गृहस्थ अवाक्षर न बोलता रात्री दिवा लावून ते खांब पुन्हा चिकटवीत बसतो. असा माणूस शेजारी असणे त्रासाचे आहे, आणि नसणे गैरसोयीचे होईल, एवढे मी कबूल करतो.

सारांश, मुंबई बंदराची बत्तीस चौरस फूट जागा आजमितीस नागरिकांना विनापास, विनामूल्य आणि संध्याकाळी सहानंतर खुली आहे. उरलेली केव्हा खुली होणार, याचा खुलासा आता संबंधितांनी करावा.