सात सह्या आणि एक कमोड खुर्ची
(समाजकार्याचा प्राथमिक पाठ, फक्त नवशिक्यांसाठी)

लागणारे साहित्य: एक स्वप्न, सात माणसे, इतिवृत्ताची वही, पावतीपुस्तक, कोणाची तरी रिकामी खोली आणि चहा. साखर वेगळी ठेवावी. सातांपैकी दोघांना मधुमेह असतोच.

पायरी पहिली: स्वप्न बेताचे करून घेणे

स्वप्न मोठे पडले तर घाबरू नये, बेताचे करून घ्यावे. ‘समाजातील दुःख दूर करणे’ हे स्वप्न व्याख्यानाला उत्तम. त्याला ना कपाट लागत, ना कुलूप, ना किल्ली कोणाकडे ठेवायची हा वाद. म्हणूनच ते कधी सुरू होत नाही.

सरावासाठी आपण रुग्णसाहित्य केंद्र घेऊ. एका घरी आजी न्हाणीघरात घसरते आणि खुब्याचे हाड मोडते. डॉक्टर वॉकर सांगतात, कमोड खुर्ची सांगतात, हँडल फिरवले की डोक्याकडून आणि पायाकडून उचलली जाणारी फाउलर खाट सांगतात. घरचे धावपळ करून सगळे विकत आणतात. चार महिन्यांनी आजी काठी टेकत देवळात जाऊ लागते आणि खाट गॅलरीत जाते. तिच्यावर पापड वाळतात. त्याच सुमारास दोन गल्ल्या पलीकडे दुसरी आजी घसरते, आणि तिचा नातू दुकानात खाटेची किंमत विचारून नुसताच उभा राहतो. या दोन घरांची गाठ घालून देणे, एवढेच आपले स्वप्न. अशी केंद्रे महाराष्ट्रात ठिकठिकाणी चालतात. अनामत घ्यायची, भाडे नाममात्र घ्यायचे किंवा अजिबात नाही, आणि वस्तू परत आली की पुसूनपासून पुढच्याला द्यायची.

ऐकायला सोपे वाटले ना? म्हणूनच हा पाठ लिहावा लागला.

पायरी दुसरी: सात माणसे गोळा करणे

चांगले काम एकट्यानेच नीट होते, अशी नवशिक्याची ठाम समजूत असते. ती इंग्रज सरकारने १८६० मध्येच मोडीत काढली. त्या वर्षीच्या सोसायटी नोंदणी अधिनियमानुसार संस्था काढायला किमान सात जण लागतात. सहा संत जमवलेत तरी अर्ज परत येतो.

सात जण पुढीलप्रमाणे निवडावेत. एक, ज्याचे गावात नाव आहे असा. त्याला अध्यक्ष करावे आणि खाटा उचलायला बोलावू नये. दोन, निवृत्त बँक कर्मचारी, हा खजिनदार. हिशेबात दोन रुपयांचा फरक आला की तो जेवत नाही. त्याला “जाऊ द्या हो, मी घालतो दोन रुपये,” असे चुकूनही म्हणू नये. तीन, ज्याच्या स्कूटरच्या डिकीत पाना असतो असा. फाउलर खाट अखंड स्थितीत कुठल्याही जिन्यात वळत नाही, हे तुम्हाला लवकरच कळेल. चार, कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे त्या घराच्याही आधी ठाऊक असलेल्या काकू. पाच, प्रत्येक गोष्टीला विरोध करणारा. तो आपणहून येतो, शोधावा लागत नाही. सहा, जो काही बोलत नाही पण दर वेळी येतो, याला जपावे. सात, तुम्ही. तुमचा उपयोग अजून सिद्ध व्हायचा आहे.

कायदा सातांवर थांबतो, पण आठवे माणूस तुमच्या घरी असते आणि त्याची सही कोणी घेत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, हे शाळेतल्या मुलालाही येते. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटाला घालता यावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले आणि मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही. तेव्हा पहिल्या सभेआधी घरी विचारावे. निदान आपली रिकामी खोली संस्थेला देऊ केली आहे, हे घरच्यांना वर्तमानपत्रातून कळू नये.

पायरी तिसरी: नाव ठेवणे

यासाठी तीन सभा राखून ठेवाव्यात. पहिल्या सभेत प्रत्येक जण आपापल्या कैलासवासी वडिलांचे नाव सुचवतो आणि वर म्हणतो, “माझा आग्रह नाही.” दुसऱ्या सभेत संस्कृत नावे येतात, ती सुंदर असतात आणि रिक्षावाल्याला सांगता येत नाहीत. तिसऱ्या सभेत सगळे दमलेले असतात, तेव्हा काकू म्हणतात, “रुग्णसाहित्य केंद्र म्हणा की सरळ.” हेच नाव ठेवावे. दोन-तीन पर्यायी नावे मात्र हाताशी असू द्यावीत. तुम्हाला सुचलेले नाव तुमच्याआधी कोणाला तरी सुचलेले असते, ही माहिती धर्मादाय आयुक्त कार्यालयात फुकट मिळते.

पायरी चौथी: घटना लिहिणे

संस्थेच्या नियमावलीला घटना म्हणतात, त्यामुळे ती लिहिताना प्रत्येकाच्या अंगात बाबासाहेब संचारतात. तयार मसुदा कोणीतरी आणून देतो. त्यातल्या उद्दिष्टांत शिष्यवृत्त्या, वृक्षारोपण, गोसेवा, व्यायामशाळा आणि राष्ट्रीय एकात्मता असते. कमोड खुर्ची नसते. ती घालून घ्यावी. पुढे कामाबद्दल शंका निघाली की घटनेकडेच बोट दाखवावे लागते.

महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालीही नोंदवली जाते. इथे एक गोष्ट तोंडपाठ करावी. कार्यकारिणीत बदल झाला, कोणी वारले, कोणी सोडून गेले, कोणी नवे आले, की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा. सुरुवातीला सगळे जिवलग असतात आणि “आपल्यात कसले आलेत कागद” असे म्हणतात. पंधरा वर्षांनी दोन गट आपणच खरी कार्यकारिणी असल्याचे सांगत आयुक्तांसमोर उभे राहतात आणि गोदामातल्या खाटांना गंज चढतो. मैत्री टिकवायची असेल तर कागद पूर्ण ठेवावेत.

पायरी पाचवी: पैसा मागणे

प्रथम लाज सोडावी, मग पावतीपुस्तक काढावे. हा क्रम बदलू नये.

मोठा देणगीदार गाठला की काम झाले, असे नवशिक्याला वाटते. त्याने अंताजी दामोदर काळे यांचे नाव लक्षात ठेवावे. देशी उद्योगासाठी माणशी एक पैसा गोळा करायचा, हा त्यांचा पैसा फंड. ऐकून लोकांनी हसावे अशीच कल्पना होती. टिळकांनी तिला बळ दिले, पैशाला पैसा जोडत गेला आणि १९०८ मध्ये त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. त्यातला व्यवहार असा: ज्याने एक पैसा दिला, तो कारखान्याची चौकशी आयुष्यभर करणार. लाख देणाऱ्याला तेवढी सवड नसते. म्हणून शंभर रुपये देणाऱ्यालाही पावती द्यावी, नाव नीट लिहावे, आणि वर्षाअखेरचा हिशेब त्याच्या हाती पडेल असे पाहावे.

देणगीदार ८०-जी विचारतील. हे प्राप्तिकराच्या सवलतीचे प्रमाणपत्र. ते संस्थेला अर्ज करून मिळवावे लागते आणि मुदत संपली की पुन्हा मिळवावे लागते. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, आणि वस्तूंच्या देणगीवर तर मुळीच मिळत नाही. जुनी खाट देऊन तिच्या खरेदी किमतीची पावती मागणारे गृहस्थ तुम्हाला भेटतीलच. त्यांना खजिनदाराकडे पाठवावे. एरवी शांत असणारा हा माणूस अशा प्रसंगासाठीच घेतलेला असतो.

वस्तू स्वीकारतानाही डोळे उघडे ठेवावेत. काही घरे दान करतात, काही नुसती आवराआवर. मुदत संपलेली औषधे, जोडीतली एकच कुबडी आणि चाक नसलेली चाकाची खुर्ची हसतमुखाने परत करायला शिकावे. हे काम काकूंना जमते.

पायरी सहावी: सभा चालवणे

सभा सहाला असेल तर सूचनेत साडेपाच लिहावे. लोक साडेसहाला येतात. गणपूर्ती झाली नाही तर अध्यक्षांनी सभा तहकूब करावी आणि तीच सभा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू करावी. या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, असे बहुतेक संस्थांच्या घटनेत लिहिलेले असते. महाराष्ट्रातले निम्मे समाजकार्य या एका कलमावर उभे आहे.

विषय क्रमांक एक नेहमी ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हाच असतो. इथे विरोधक उठतो आणि आपण तसे म्हणालोच नव्हतो असे सांगतो. त्याला बोलू द्यावे. अनामत रक्कम किती असावी, रात्री अकराला कोणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मागितला तर दार कोण उघडणार, यंत्र बिघडून परत आले तर भुर्दंड कोणाला, हे गैरसोयीचे प्रश्न तोच विचारतो. इतर सहा जण संस्थेच्या प्रेमात असतात आणि प्रेमात कोणी अनामतीचे विचारत नाही.

‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली संस्थेच्या बोधचिन्हात कमळ असावे की दिवा, ही चर्चा निघेल. तेव्हा चहा आणावा.

पायरी सातवी: काम (हे विसरायचे नसते)

एव्हाना वर्ष उलटलेले असते आणि एक दिवस खरोखरच कोणीतरी कमोड खुर्ची मागायला येतो. गोंधळू नये. वहीत नाव, पत्ता, फोन, वस्तू, अनामत आणि तारीख लिहावी. खुर्चीचे पाय जमिनीवर सारखे टेकतात का, वॉकरच्या पायांची रबरे झिजली नाहीत ना, चाकाच्या खुर्चीचे ब्रेक दोन्ही बाजूंनी लागतात का, हे देताना पाहावे आणि परत घेतानाही. हवेची गादी मागणाऱ्याला तिचा पंप कसा लावायचा ते करून दाखवावे. पंप बंद ठेवून ‘आवाज फार येतो’ म्हणणारे पुष्कळ. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणूनच तो घरघरत असतो, हे समजावून सांगावे.

वस्तू परत मागणे हा या पाठातला सर्वात अवघड भाग आहे. मुदत संपली की फोन करायचा, हे वहीला कळते. पण काही घरांत रुग्ण बरा झाल्यामुळे वस्तू मोकळी होते आणि काही घरांत रुग्णच गेल्यामुळे. दुसऱ्या प्रकारच्या घरी तेराव्याआधी फोन करू नये. केल्यावरही खाटेचा विषय आपण काढू नये. आधी त्यांना बोलू द्यावे. हे कोणत्याही घटनेत लिहिलेले नाही आणि ते नव्या कार्यकर्त्याला पहिल्याच दिवशी सांगावे. त्याच वेळी खाटेसाठी प्रतीक्षा यादीत तीन नावे असतात आणि त्यांचेही फोन येत असतात. दोन्हीकडे खरे बोलावे. यावर याहून सोपी युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही.

पायरी आठवी: राजीनामे हाताळणे

तिसऱ्या वर्षी राजीनामे येतात. पहिला पाना असलेल्याचा: खाटा त्यानेच उचलायच्या आणि छायाचित्र अध्यक्षांचे छापून यायचे. त्याचे म्हणणे बरोबर असते. दुसरा तुमचा स्वतःचा, रात्री दीडला लिहिलेला, त्यात ‘खंत’ हा शब्द चार वेळा. कोणताही राजीनामा लगेच स्वीकारू नये. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा ठेवावा. मधल्या काळात एखादी खाट तिसऱ्या मजल्यावर न्यायची वेळ येते, इमारतीला लिफ्ट नसते आणि राजीनामा दिलेला माणूस पाना घेऊन हजर होतो. मग तो विषय वेळेअभावी पुढे ढकलावा. छायाचित्राचे मात्र मनावर घ्यावे. पुढच्या वेळी मधोमध त्याला उभे करावे.

पायरी नववी: चिकाटी

चिकाटीचे उदाहरण म्हणून महर्षी कर्व्यांचे नाव घेण्याची प्रथा आहे. आपणही घेऊ, पण हिशेब मांडून. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू केले. १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि तिथून हिंगण्याला पायी जात. महिला विद्यापीठ निघाले १९१६ मध्ये, आणि विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आली १९२० मध्ये. सुरुवातीपासून चोवीस वर्षे झाली. पंधरा लाख सगळ्यांना आठवतात. मधल्या वर्षांत आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरणाऱ्या पार्वतीबाई आठवले फार थोड्यांना आठवतात. या विधवा बाई पुढे बेताच्या इंग्रजीवर थेट अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करून राहिल्या. कर्व्यांना भारतरत्न मिळाले १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी. तेव्हा ज्या नवशिक्यांना सत्काराची घाई आहे, त्यांनी प्रथम प्रकृती सांभाळावी.

चिकाटी म्हणजे दात-ओठ खाऊन एकट्याने धावणे, अशी समजूत असेल तर ती सोडावी. धावणारा दमतो. संस्थेत आळीपाळीने दमायची सोय असते. तुम्हाला कंटाळा येतो त्या महिन्यात काकू वही सांभाळतात. त्या मुलीच्या बाळंतपणाला गेल्या की न बोलणारा माणूस किल्ली घेऊन येऊन बसतो. सातांचा आकडा कायद्याने याच हेतूने घातला की नाही, हे सांगता येत नाही. उपयोग मात्र त्याचा असाच होतो.

स्वाध्याय

१. तुमच्या घराच्या माळ्यावर आणि गॅलरीत कोणते रुग्णसाहित्य पडून आहे? यादी करा. पापड बाजूला ठेवा.

२. कारणे द्या: विरोधकाला समितीतून काढू नये.

३. एका वाक्यात उत्तर लिहा: बदल अर्ज किती दिवसांत द्यावा? (ज्यांना ‘आपल्यात कसले आलेत कागद’ हे उत्तर आले, त्यांनी पायरी चौथी पुन्हा वाचावी.)

४. गणित: केंद्रात फाउलर खाटा दोन, मागणारे पाच, पाना एक. किती सभा लागतील?

५. सात नावे लिहा. पहिले नाव स्वतःचे लिहू नका.

सूचना: सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक आहे. एकट्याने सोडवल्यास गुण मिळणार नाहीत.